शून्य लावून गोंदिया

लांजेवार काकांना फोन नंबर सांगायचा म्हणजे तोंडी परीक्षाच असे. तुम्ही आपले दहा आकडे एका दमात सांगून मोकळे झालात की ते पेन खाली ठेवत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "असं नाही जी. पह्यले कोड सांगा. मंग थांबा. मंग नंबर. कोणाच्या घरी जाता तं आंधी गाव येते का आंधी दरवाजा?" मोबाइलला तसा गावाचा कोड नसतो हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण म्हणून सवलत नव्हती. ऑफिसात आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, खाली जिथं निमंत्रकांचे नंबर छापलेले असतात तिथं, ते पेन्सिलीनं बारीक तिरक्या रेघा ओढून ठेवत. मुलीचं नाव काय, लग्न कुठं, हे त्यांनी वाचलेलंही नसायचं. नंबर मात्र नीट फोडलेला असायचा.

मला सुरुवातीला या माणसाचा फार राग यायचा. मी इंजिनीअर, पगारानं आणि कागदानं त्यांची साहेब, आणि हे रोज सकाळी मला आकडे म्हणायला शिकवणार. त्यात माझा स्वभाव मुळातच कुणाकडून शिकून घेण्याचा नाही.

आमचं काम काय ते सांगते. भिलाईत सुपेल्याला एका साडीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. आम्ही इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचो. राइस मिल, शाळा, नर्सिंग होम, अहिवाऱ्याकडच्या चुन्याच्या खाणींची ऑफिसं, अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांचं बोलणं इंटरनेटवरून आमच्या मशीनपर्यंत यायचं. पण ज्याला फोन लावला तो माणूस तर साध्याच फोनवर असायचा, कुणी रायपुरात, कुणी बालाघाटात. मग आमचं मशीन लावलेल्या नंबरचे पहिले काही आकडे बघायचं आणि ठरवायचं, की हा कॉल कोणत्या टेलिफोन कंपनीच्या दारातून बाहेर सोडायचा. हे आकडे आले तर हे दार, ते आले तर ते. अशी शेकडो ओळींची यादी मशीनमध्ये असे. तिला आम्ही टेबल म्हणायचो. कागदोपत्री ते टेबल माझ्या ताब्यात होतं. खरे मालक लांजेवार काका होते.

भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावातून त्यांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, बांधकामावर आले आणि इथलेच झाले. काका स्वतः अडतीस वर्षं प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, दुर्गला मोहन नगरात घर बांधलं आणि तिसऱ्या महिन्यात घरात बसवेना म्हणून आमच्याकडे आले. दोन महिन्यांसाठी आले होते. सातव्या वर्षीही ते दोन महिनेच चालू होते. उंच, वाळका देह, कान जरा मोठेच, आणि पायात अजूनही प्लांटचे जाड सेफ्टी शूज. ऑफिसात हातोडा पडून पाय मोडण्याची काही शक्यता नव्हती. मी एकदा तसं म्हटलंही. "पायाले सवय झाली," ते म्हणाले, "आता त्याले कोण समजावन?"

त्यांच्या तरुणपणी भिलाईत प्लांटसाठी आलेले रशियन इंजिनीअर राहत होते, त्यांचे कॉल काका जोडून द्यायचे. त्या दिवसांतले चारपाच रशियन शब्द त्यांच्याकडे उरले होते. एखादी अवघड लाइन लागली की ते टेबलावर बोटांनी ताल धरत आणि म्हणत, "हराशो!" म्हणजे छान. आमच्या ऑफिसात साडीच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा चहा चांगला झाला की हराशो म्हणायचा.

टेबल त्यांनी मला समजावलं तो दिवस मला आठवतो. माझं म्हणणं होतं, की यादीत जी ओळ आधी येते तिचं मशीननं ऐकावं. सरळ हिशोब. काकांनी मान हलवली. "म्याडम, तुमाले अहिवाऱ्याले जाचं हाय. स्टँडवर तीन बसा उभ्या हायेत. एक म्हणते दुर्ग जिल्हा, कुठंबी सोडीन. एक म्हणते नंदिनीपर्यंत. एक म्हणते अहिवारा. तुमी कोणत्यात बसान?" मी म्हटलं, अहिवाऱ्याच्या. "कावून? ते तं सगळ्यात मांगं उभी हाय." मी स्क्रीनवरची यादी पुन्हा पाहिली. "तेच तं सांगून राहिलो. जे ओळ नंबरातले जास्त आकडे ओळखते, तिचं आयकाचं. आंधी कोण उभं हाय ते नाही पाहाचं." पुस्तकात हे मी वाचलेलं होतंच. पण एखाद्या परक्या गावात कुणाचा पत्ता विचारताना आजही मला ती बस आठवते आणि मी त्या गल्लीतल्याच माणसाला गाठते.

टेबलात नवीन ओळ घातली की बाकीचे लोक स्क्रीनवर हिरवा दिवा बघतात आणि उठतात. काका उठत नसत. ते त्या गावातल्या एखाद्या दुकानाचा नंबर शोधून काढत, आपल्या टेबलावरच्या फोनवरून तो स्वतः लावत आणि कुणी उचलला की विचारत, "कुठून बोलून राहिले जी?" पलीकडचा माणूस आधी चक्रावे. फोन तुम्ही केलात आणि मी कुठून बोलतो हे मलाच विचारता? "बुरा मत मानना," काका लगेच हिंदीत येत, "बस गाव का नाम बता दो." डोंगरगड म्हटलं की डोंगरगडच्या ओळीपुढं टिकमार्क. दिव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आवाज कुठं पोचला हे पोचलेल्या जागेनंच सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

या नादात त्यांची चाळीसेक गावांत ओळख झाली होती. डोंगरगडच्या मिठाईवाल्याला त्यांनी इतक्या वेळा गाव विचारलं, की तो त्यांचा आवाज ऐकताच "डोंगरगड, डोंगरगड, और सब बढ़िया" म्हणून ठेवून द्यायचा. बालाघाटच्या एका शिंपीणबाईंनी त्यांना आधी झाडलं, मग दोन वर्षांनी आपल्या गुडघेदुखीवर उपाय विचारला. कवर्ध्याच्या सायकलवाल्यानं तर मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, आणि काका पांढरा सदरा घालून, बस बदलून बदलून, न पाहिलेल्या माणसाच्या दारी गेले. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं लग्न? म्हणाले, "चांगलं. त्याच्या दुकानातला फोन पाह्यला मी. जुना हाय, पण आवाज साफ देते."

त्यांची आणखी एक खोड होती, आणि पुढं जे झालं ते तिच्यामुळंच. दर बुधवारी दुपारी डबा खाऊन झाला की ते बंद झालेल्या तक्रारी वाचायचे. उघड्या नव्हेत, बंद. मी म्हटलं, हे म्हणजे निकाल लागलेले पेपर पुन्हा तपासण्यासारखं आहे. "उघडीवर तं सगळ्याइचं ध्यान राहते म्याडम," ते म्हणाले. "बंद केली का कोणी पाहत नाही. चूक लपाले तेच जागा चांगली."

त्या बुधवारी त्यांनी मला हाक मारली. भिलाईच्या टोकाला ज्येष्ठांसाठी एक निवास होता. बहुतेक रहिवासी प्लांटमधून रिटायर झालेले. तिथं खोल्याखोल्यांतून आमचे फोन. एकवीस नंबरच्या खोलीतल्या सुमन भेंडारकर यांची तक्रार तीन आठवड्यांत तीनदा आली होती आणि तीनदा बंद झाली होती. तक्रार अशी: गोंदियाला बहिणीला फोन लावते तर रशियन बाई बोलते. उत्तर असं: गोंदिया तपासलं, पहिल्या झटक्यात लागलं, दोष नाही. तिन्ही उत्तरं माझी होती.

"म्हाताऱ्या आहेत हो," मी म्हटलं. "तिथल्या मॅनेजर बाई सांगत होत्या, हल्ली गोळ्यासुद्धा विसरतात. भास होतात त्यांना. मुलाला कळवलंय. तो शनिवारी हैदराबादहून येतोय, त्यांना मागच्या विंगेत हलवणार."

मागची विंग म्हणजे ज्यांचं भान सुटत चाललंय त्यांची. तिथं दाराची कडी बाहेरून असते आणि खोलीत फोन नसतो.

काकांनी तिन्ही तक्रारी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "भास होते त्याले मेलेला नवरा दिसते, चोर दिसते. गोंदिया लावल्यावर रशियन बाई कावून? आनि दरवेळेस गोंदिया लावल्यावरच कावून?"

मी निवासात फोन करून वेळ ठरवली. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर मागे बसून, बॅग पोटाशी धरून ते निवासात आले.

भेंडारकर काकू खिडकीशी बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणखी एक डॉक्टर आणला का वो?"

"डॉक्टर नाही जी, टेलिफोनवाला," काका म्हणाले. "प्लांटच्या एक्सचेंजमंधी होतो."

काकूंचा चेहराच बदलला. "एक्सचेंजमंधी? मी टाइम ऑफिसात क्लार्क होती. तीस साल. लाइन मांगू मांगू गळा बसे आमचा. देतच नोते तुमी."

"लाइनच नोती तं देऊ कुठून?"

"अफसराइले बरी भेटे."

दोन मिनिटं ते दोघं चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण असं भांडले, की मला वाटलं आता कुणीतरी खरंच चिडणार. मग काकू हसल्या आणि म्हणाल्या, "बसा." मी त्यांच्याकडे बघत होते. यांना भास होतात? मला आपल्या तीन उत्तरांची पहिल्यांदा शंका आली.

"लावून दाखवता का गोंदिया?" काकांनी विचारलं.

काकूंनी रिसीव्हर उचलला. काका वाकून त्यांच्या बोटाकडे बघू लागले. बोटानं शून्य दाबलं आणि थांबलं. काकूंनी मान किंचित कलती केली, जणू काही ऐकू येण्याची वाट बघत आहेत. मग बोट पुन्हा निघालं आणि बटणांकडे न बघता भराभर बाकीचा नंबर संपवून आलं. क्षणभरानं त्यांनी रिसीव्हर काकांपुढं धरला. "घ्या. आली तुमची रशियन."

काकांनी ऐकलं. मग माझ्या कानाला लावलं. एक बाई होती. अगदी स्वच्छ, शिस्तीच्या आवाजात रशियन भाषेत तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती.

"नंबर चुकला म्हणते," काका म्हणाले. एवढं रशियन त्यांना कळत होतं.

"नाही चुकला! माह्या बहिणीचा नंबर मी झोपेत लावन."

"तुमचा नाही चुकला जी." एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली. जाताना काकूंनी त्यांची बाही धरली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या पोराले सांगसान का? तो म्हणते मले आयकू येते ते नसते. आता मलेबी वाटाले लागलं, का खरंच नसन. तुमी आयकलं ना?"

"आयकलं," काका म्हणाले.

परतताना सुपेल्याच्या सिग्नलला ते मागून म्हणाले, गाडी बाजूला घ्या. मी घेतली. ते उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभेच राहिले. "म्याडम, मी अडतीस साल जिरो लावून फोन केला. मले कसं सुचलं नाही?"

प्लांटच्या जुन्या एक्सचेंजमध्ये बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबायचं, दुसरा टोन येईपर्यंत थांबायचं आणि मग नंबर. आमच्या फोनला बाहेरचं शून्य लागत नाही, मशीनला आकड्यांवरूनच कळतं. पण काकूंचं बोट तीस वर्षांच्या सवयीनं शून्य दाबत होतं आणि नसलेल्या टोनची वाट बघत होतं. त्यापुढं गोंदियाचा कोड, तो शून्य-सातनं सुरू होतो. म्हणजे मशीनला दिसत होतं शून्य, शून्य, सात. दोन शून्यं म्हणजे परदेश. आणि परदेशातला सात म्हणजे रशिया. मशीन बिचारं इमानदारीनं गोंदियाचा कॉल रशियाच्या दारातून सोडत होतं, आणि तिथली बाई इमानदारीनं सांगत होती की असा नंबर नाही. विदर्भातले आणि छत्तीसगडमधले जवळजवळ सगळे कोड शून्य-सातचे. निवासातल्या आणखी कितीजणांचे फोन असे रशियाला गेले असतील कोण जाणे. त्यांनी "लागत नाही" म्हणून नाद सोडला. काकूंनी काय ऐकलं ते खरं सांगितलं, म्हणून त्या भ्रमिष्ट ठरल्या.

"मी माह्या टेबलावरच्या फोनवरून तपासत होतो," काका म्हणाले. "माह्या बोटानं. जिरो सोडून. चाळीस गावं तपासली आनि लावणाराचं बोट नाही तपासलं. त्या बाईले पागल मी ठरवलं."

मी म्हटलं, "तक्रार तर मी बंद केली." त्यांनी ते ऐकून घेतलं, पण दोष वाटून घेतला नाही.

शुक्रवारी आम्ही आमचे मालक चंद्राकर साहेब यांच्यासमोर बसलो. दुर्गकडचे शेतकरी घराण्यातले, मनानं चांगले, पण त्याच महिन्यात निवासाचा करार पुन्हा व्हायचा होता. म्हणाले, "माताजी को बोल दो ज़ीरो न लगाएँ. पर्ची चिपका दो फोन पर."

"साहब, पर्ची आँख के लिए होती है," काका म्हणाले. "ज़ीरो उँगली में है."

"तो विदेश बंद कर दो पूरा."

तेही जमणारं नव्हतं. निवासातल्या एका आजोबांची नात कझाकस्तानात डॉक्टरकी शिकत होती. त्यांच्यासाठीच तर आम्ही तिथलं परदेशाचं दार उघडलं होतं, आणि कझाकस्तानचाही आकडा सातच. चंद्राकर साहेबांनी हात जोडले. "जो करना है करो. पर कल ये मत कहना कि गलती हमारी थी. कहना लाइन खराब थी, ठीक हो गई."

काका उठून आपल्या जागी गेले. माझ्या लगेच लक्षात आलं. लाइन खराब होती असं म्हटलं की रशियन बाई उरत नाही, आणि ती नसली की भेंडारकर काकूंना भास होतात हे पुन्हा खरं ठरतं.

दुपारभर ते बोटांच्या पेरांवर आकडे मोजत बसले. पहिल्या तीन आकड्यांवरून गोंदिया आणि कझाकस्तान वेगळे निघत नव्हते. चार वाजता त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "म्याडम, शेपटी पाहा! जिरो लावून गोंदिया म्हणजे बारा आकडे. परदेश तेरा. बारा झाले का मशीननं दम धराचा. तेरावा आला तं जाऊ द्याचं तिकडं. नाही आला तं पह्यला जिरो काढून गोंदियाले सोडाचं." मी नियम लिहिला. त्यांनी सगळ्या जुन्या ओळखी पुन्हा लावल्या, या वेळी आधी शून्य दाबून, काकूंसारखी मान कलती करून, थांबून. डोंगरगड लागलं. बालाघाट लागलं. शेवटी त्या नातीला कझाकस्तानात लावला आणि विचारलं, "कहाँ से बोल रही हो बेटा?" तिनं गाव सांगितलं आणि घाबरून विचारलं, आजोबा बरे आहेत ना? "एकदम हराशो," काका म्हणाले. तिला तो शब्द तिथं रोजच ऐकू येत असणार, ती खळखळून हसली. मग जाता जाता ते मला सांगू लागले, की शून्य लावून पुणं लावलं तर माणूस इजिप्तच्या दारात जातो आणि दिल्ली लावली तर अमेरिकेच्या, तीही दारं आता बघायला हवीत. मला ते तेव्हा फार, फार आवडले.

लांजेवार काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटी शेवटी गुडघ्यांमुळं मोहन नगरातून येणं बंद झालं होतं. मी भेटायला जायची, पण त्या भेटी माझ्या मनात राहिलेल्या नाहीत. माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे त्या शनिवारचं.

एकवीस नंबरच्या खोलीत दाटी झाली होती. काकूंचा मुलगा गिरीश, पंचेचाळिशीचा, रात्रीच्या प्रवासानं उतरलेला चेहरा, हातात मागच्या विंगेचा फॉर्म. मॅनेजर बाई. चंद्राकर साहेब. मी. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. कपड्यांची पिशवी भरून पलंगावर ठेवलेली होती.

"आई, आता फिर से ते फोनचं नको ना, प्लीज," गिरीश म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. थकलेला होता.

चंद्राकर साहेब खाकरले. "वो क्या है, लाइन में थोड़ी..."

"लाइन चांगली होती," काका म्हणाले. ते गिरीशकडे वळले. "बाबू, आमच्या मशिनीतलं टेबल मी लिहिलं. तुमची आई बराबर गोंदिया लावत होती, मी रशियाले पाठवत होतो. तिथली बाई खरंच बोले. मी आयकली, ह्या म्याडमनं आयकली. चूक माही. आईले काही झालं नाही."

चंद्राकर साहेबांनी छताकडे पाहिलं. मॅनेजर बाई म्हणाल्या, "मतलब रशियन औरत सच में थी?" "थी," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "आणि तक्रार तीनदा मी बंद केली होती."

गिरीश आईकडे बघत राहिला. विश्वास ठेवावा असं त्याला वाटत होतं आणि ठेवायची भीतीही वाटत होती. त्यानं स्वतःच फोन काकूंपुढं सरकवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. "लाव आई."

शून्य. थांबणं. मग बाकीचा नंबर. आणि शांतता. मशीन तेराव्या आकड्याची वाट बघत होतं. ते चार सेकंद होते हे मला माहीत होतं, नियम मीच लिहिला होता, तरी मी ते मनात मोजत होते. मॅनेजर बाई काही बोलणार तोच काकांनी हात वर केला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

घंटी वाजली. तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचललं. "कोन?"

"मी वो. सुमन."

"सुमन! तीन हप्ते झाले, कुठं मेली होती तू? इथं माहा जीव चालला!"

काकूंनी डोळे उघडले. एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मॅनेजर बाईंकडे. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "मी रशियाले गेली होती."

खोलीत हसू फुटलं. चंद्राकर साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पुढं होऊन स्पीकरचं बटण बंद केलं, रिसीव्हर काकूंच्या हातात दिला आणि आम्हाला हातानं बाहेरची वाट दाखवली. "चला. सगळे चला. कॉल लागला का ऑपरेटरनं कान काढाचा. आमचा कायदाच होता तसा."

व्हरांड्यात गिरीश भिंतीला टेकून उभा राहिला. फॉर्म अजून हातातच होता. "काका, मी तिला डॉक्टरकडे पण नेलं," तो म्हणाला. "ती म्हणायची, एकदा ऐकून तर बघ. मैंने एक बार भी..." 

"मीबी नाही आयकलं बाबू. तीनदा कागदावर आलं होतं," काका म्हणाले. "झाल्यावर अंदर जा, तिच्या बाजूले बस. झाल्यावर. मंधात नाही."

चंद्राकर साहेब आणि मॅनेजर बाई कराराचं बोलत खाली गेले. मी कँटीनमधून चहा घेऊन आले तेव्हा अर्धा तास झाला होता. काका खुर्चीवर बसले नव्हते. दाराकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे होते. आत काकू बहिणीला काहीतरी सांगत होत्या, मध्येच रडत होत्या की हसत होत्या ते बाहेरून कळेना. गिरीश दाराजवळ सरकला. काकांनी मागे न बघता कडी चाचपली आणि दार आणखी घट्ट ओढून घेतलं.